ओतकामाचं पेट्री नेट चार टूलमधून नेताना

शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीचं ओतकाम आम्ही पेट्री नेटमध्ये बसवलं. पेट्री नेट म्हणजे कामाचा क्रम दाखवणारं चित्र: ट्रान्झिशन हे कामांचे चौकोन, प्लेस ही मधल्या स्थितींची वर्तुळं, त्यांना जोडणारे बाण म्हणजे आर्क, आणि काम कुठवर आलं ते प्लेसमधली टोकनं सांगतात. इव्हेंट लॉग, म्हणजे कोणतं काम केव्हा झालं याची नोंद, ईआरपी या कारखान्याच्या कारभाराच्या सॉफ्टवेअरमधून आला. नेट शोधलं पीएमफोरपाय या पायथन लायब्ररीतल्या इंडक्टिव्ह मायनरने, म्हणजे लॉगवरून नेट काढणाऱ्या पद्धतीने. लॉगशी ताळमेळ आयंधोवेनच्या तंत्रविद्यापीठात घडलेल्या प्रोममध्ये पाहायचा होता आणि उत्पादन विभागाला दाखवायचं चित्र वोपेडमध्ये मांडायचं होतं. आधीचं एक हाताने काढलेलं नेट लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमधून आलेल्या पाइप या एडिटरमध्ये पडून होतं, तेही तुलनेला हवं होतं. चारही टूल पीएनएमएल या नेट साठवायच्या एक्सएमएल स्वरूपाशी नातं सांगतात. तरीही तेच नेट, तोच लॉग आणि फिटनेस (लॉग नेटमध्ये किती बसतो याचा ० ते १ मधला आकडा) एकीकडे १.०००, तर दुसरीकडे ०.८७०. एररचा संदेश कुठेच नाही.

फाइल उघडतच नसेल तर काम सोपं असतं, कारण टूल स्वतःच थांबतं. खरा त्रास देतात त्या फायली, ज्या विनातक्रार उघडतात, चित्रही ओळखीचं दाखवतात आणि अर्थ मात्र वाटेत सांडून येतात. म्हणून पहिला नियम असा ठेवला की नेट एका टूलमधून बाहेर काढण्याआधी त्याची मोजदाद कागदावर लिहायची. आमच्या नेटची मोजदाद अशी: १५ प्लेस, १४ ट्रान्झिशन, ३० आर्क. ट्रान्झिशनपैकी १० दिसणारी, म्हणजे लॉगमध्ये ज्यांची नोंद होते ती: कोअर, मोल्डिंग, मेल्टिंग, स्पेक्ट्रो ॲनालिसिस, ओतकाम, नॉकआउट, शॉट ब्लास्टिंग, फेटलिंग, तपासणी, डिस्पॅच. उरलेली ४ अदृश्य. पहिलं अदृश्य ट्रान्झिशन काम दोन वाटांत फोडतं. एका वाटेवर कोअर आणि मोल्डिंग, दुसरीवर मेल्टिंग आणि स्पेक्ट्रो. दुसरं त्या वाटा ओतकामाआधी जुळवतं, तिसरं नॉकआउटनंतर रिवर्कच्या लूपमध्ये शिरवतं आणि चौथं तपासणीत नापास झालेला माल शॉट ब्लास्टिंगकडे परत पाठवतं. सुरुवातीच्या प्लेसमध्ये १ टोकन, शेवटच्या प्लेसमध्ये १ टोकन आलं की केस, म्हणजे एका मालाचा प्रवास, पूर्ण.

या मोजदादीसोबत दोन ओळखीचे ट्रेस, म्हणजे एकेका केसमधल्या इव्हेंटच्या रांगा, ठेवले. पहिला सरळ, दहा इव्हेंटचा. दुसऱ्यात एक रिवर्क, म्हणजे शॉट ब्लास्टिंग, फेटलिंग आणि तपासणी दोनदा, एकूण तेरा इव्हेंट. दोन्ही ट्रेस मूळ टूलमध्ये पूर्ण बसतात हे आधी पाहून घेतलं. पुढे प्रत्येक टूलमध्ये हेच दोन ट्रेस खेळवायचे. हजारो केसचा पूरा लॉग या कामाला कुचकामी ठरतो. त्यात खरी विचलनं आणि फाइलचे दोष एकमेकांत मिसळतात.

आता ०.८७० कुठून आलं ते पाहू. अलाइनमेंटमध्ये लॉग आणि मॉडेल शेजारी-शेजारी चालवतात. दोघांची पावलं जुळली तर दंड ०. फक्त लॉगने पाऊल टाकलं तर १, मॉडेलच्या दिसणाऱ्या ट्रान्झिशनने एकट्याने पाऊल टाकलं तरी १. अदृश्य ट्रान्झिशनला दंड नाही, कारण त्याची नोंद लॉगमध्ये असूच शकत नाही. एकूण दंडाला सगळ्यात वाईट स्थितीतल्या दंडाने भागायचं, म्हणजे ट्रेसची लांबी अधिक मॉडेलची सगळ्यात छोटी वाट, आणि ते १ मधून वजा करायचं. आमची तीन सक्तीची अदृश्य ट्रान्झिशनं दुसऱ्या टूलमध्ये दिसणारी झाली. दंड ३, लांबी १०, मॉडेलची छोटी वाट १० ऐवजी १३. तीन भागिले तेवीस वजा केले की ०.८७०. रिवर्कच्या ट्रेसमध्ये चौथंही मोजलं जातं: दंड ४, भागाकार २६ ने, फिटनेस ०.८४६. दोन्ही आकडे जुळले तेव्हा दोष कुठे आहे याबद्दल शंका उरली नाही.

हे घडतं कारण अदृश्य ट्रान्झिशनची खूण मानकात नाही. पीएनएमएलचं मानक म्हणजे आयएसओ/आयईसी १५९०९ चा दुसरा भाग, २०११ साली प्रसिद्ध झालेला. फायलीच्या डोक्यावर जो नेमस्पेसचा (टॅग कोणत्या बोलीतले ते सांगणारा) पत्ता असतो त्यात मात्र ‘व्हर्जन-२००९’ असं लिहिलेलं असतं. दोन्ही बरोबरच आहेत, वर्ष जुळत नाही म्हणून तो पत्ता बदलायला जाऊ नये. मानकाने प्लेस, ट्रान्झिशन, आर्क, नाव, सुरुवातीचं मार्किंग (कोणत्या प्लेसमध्ये किती टोकनं) आणि आर्कवरचा आकडा एवढं ठरवून दिलं. ज्या त्या टूलच्या खास गोष्टींसाठी ‘टूलस्पेसिफिक’ नावाचा एक कप्पा मोकळा ठेवला. प्रोम त्या कप्प्यात स्वतःचं नाव लिहितं आणि ‘ॲक्टिव्हिटी’ या गुणधर्मात दोन डॉलरचिन्हांच्या मध्ये ‘इनव्हिजिबल’ हा शब्द ठेवतं. पीएमफोरपाय हीच खूण प्रोमच्या नावाने लिहितं आणि वाचतं, त्यामुळे या दोघांमध्ये ही माहिती नीट पोचते. ज्या टूलला ही खूण कळत नाही त्याच्या दृष्टीने ते एक साधं ट्रान्झिशन, आणि फायलीतल्या ‘नाव’ या टॅगमध्ये जे काही असेल ते त्याचं लेबल. टाऊ (अदृश्य ट्रान्झिशनचं रूढ नाव) स्प्लिट, टाऊ जॉइन, स्किप अशी नावं चित्रात अचानक चौकोनांवर दिसू लागली की समजावं, खूण गेली.

उपाय दोन पातळ्यांवर केला. नेट बाहेर काढण्याआधी सगळ्या अदृश्य ट्रान्झिशनांना एकाच उपसर्गाची नावं दिली, टाऊ-१ ते टाऊ-४. मधलं कोणतंही टूल कप्पा टाकून देवो, नाव सहसा टिकतं. फाइल परत आली की एक छोटी स्क्रिप्ट त्या उपसर्गाची ट्रान्झिशनं शोधते आणि कप्पा पुन्हा बसवते. पीएमफोरपायमध्ये थेट करायचं असेल तर त्या ट्रान्झिशनचं लेबल ‘नन’ करायचं. रिकामी स्ट्रिंग देऊन चालत नाही. रिकामी स्ट्रिंग हेही त्याच्या लेखी एक लेबलच आहे.

दुसरी सांडणारी गोष्ट म्हणजे शेवटचं मार्किंग. सुरुवातीचं मार्किंग मानकात आहे, प्रत्येक प्लेसच्या पोटात लिहितात. पण ‘इथे पोचलं की केस संपली’ हे सांगायला साध्या प्लेस-ट्रान्झिशन नेटच्या मानकात जागा नाही. प्रोम आणि पीएमफोरपाय त्यासाठी ‘नेट’ टॅगच्या आत ‘फायनल-मार्किंग्ज’ असा स्वतःचा टॅग लिहितात, त्यात प्लेसचा आयडी आणि टोकनांची संख्या. मॉडेलिंगच्या टूलमधून आलेल्या फायलीत तो नसतो. मग शेवटचं मार्किंग रिकामं धरलं जातं. वर्कफ्लो नेटच्या, म्हणजे एक सुरुवात आणि एक शेवट असलेल्या नेटच्या, शेवटच्या प्लेसमध्ये एक टोकन कायम राहतं, म्हणजे रिकाम्या मार्किंगपर्यंत नेट कधीच पोचत नाही. पीएमफोरपायची अलाइनमेंट अशा वेळी ‘ईझी साउंड नेट नाही’, म्हणजे शेवटापर्यंत पोचायची वाटच नाही, अशी तक्रार करून थांबते. हा संदेश वाचून नेटमध्ये डेडलॉक (नेट मध्येच अडकण्याची जागा) शोधत बसू नये. आधी शेवटचं मार्किंग छापून पाहावं. प्रोममध्ये रिप्ले (लॉग नेटवर खेळवणं) सुरू करताना मार्किंग सापडलं नाही, तयार करायचं का, असं विचारलं जातं. तिथे घाईने पुढे न जाता शेवटची प्लेस नेमकी निवडावी.

या टॅगमध्ये एक खाच आहे. त्यात प्लेसचं नाव नसतं, आयडी असतो. मधल्या टूलने सेव्ह करताना आयडी नव्याने दिले तर टॅग जिवंत राहूनही अस्तित्वात नसलेल्या प्लेसकडे बोट दाखवतो. म्हणून आमची स्क्रिप्ट आयडीवर विसंबत नाही. ज्या प्लेसमधून एकही आर्क बाहेर पडत नाही ती शोधते, अशी एकच आहे याची खात्री करते, आणि मगच टॅग लिहिते. अशा प्लेस दोन निघाल्या तर थांबते. दोन टोकं असलेल्या नेटमध्ये शेवट कुठला, हे माणसानेच ठरवायला हवं.

तिसरा भाग लेबलांचा. मराठीत लेबलं ठेवणाऱ्यांना याचा त्रास जास्त होतो, म्हणून हा भाग सविस्तर लिहितो.

लॉगमधला इव्हेंट आणि नेटमधलं ट्रान्झिशन यांची जुळणी लेबलावरून होते, आणि ती बाइटन् बाइट होते. आकडा इथेही दोष सांगतो. फिटनेस बरोबर ०.००० आली तर एकही लेबल जुळलेलं नाही: दहा लॉगची पावलं, दहा मॉडेलची, दंड २०, भागिले २०. याचं नेहमीचं कारण प्रोममधला क्लासिफायर, म्हणजे इव्हेंटचं लेबल कशातून बनवायचं याची निवड. लॉगमध्ये कामाचं नाव आणि जीवनचक्राची अवस्था असे दोन गुणधर्म असतात. जुना एमएक्सएमएल क्लासिफायर निवडला की दोन्ही जोडून लेबल तयार होतं, ‘मोल्डिंग+कम्प्लीट’ असं. त्या लेबलांचं नेट दुसरीकडे नेलं तर तिथल्या लॉगमधलं नुसतं ‘मोल्डिंग’ त्याला अनोळखी वाटतं. नेट शोधतानाच फक्त नावाचा क्लासिफायर निवडावा. उशीर झाला असेल तर फायलीतली अधिक-चिन्हापासूनची शेपटी कापावी. मात्र लॉगमध्ये स्टार्ट आणि कम्प्लीट अशा दोन्ही नोंदी असतील तर शेपटी कापल्याने एकाच नावाची दोन ट्रान्झिशनं तयार होतात. तिथे आधी लॉग फक्त कम्प्लीटवर गाळून नेट पुन्हा शोधलेलं बरं.

फिटनेस ०.९०० आली, म्हणजे दंड २ भागिले २०, तर एकच लेबल जुळत नाही. आमच्याकडे ते ‘स्पेक्ट्रो ॲनालिसिस’ निघालं. पडद्यावर दोन्हीकडे तंतोतंत सारखं. ईआरपीच्या जुन्या कीबोर्डने ‘ॲ’ हे अक्षर ‘अ’ आणि त्यावर वेगळा चंद्र असं दोन कोडपॉइंटमध्ये (युनिकोडच्या अक्षर-क्रमांकांत) लिहिलं होतं, यू+०९०५ आणि यू+०९४५. मॉडेलमधला ‘ॲ’ एकाच कोडपॉइंटचा, यू+०९७२, जो युनिकोडमध्ये २००८ साली ५.१ या आवृत्तीत आला. युनिकोडच्या नियमांत ही दोन रूपं समतुल्य मानलेली नाहीत, त्यामुळे समतुल्य रूपं एक करणारं नेहमीचं एनएफसी नॉर्मलायझेशन चालवूनही ती वेगळीच राहतात. बदल हाताने सांगावा लागतो.

‘ऱ्य’ची गोष्ट याहून अवघड. पाइपमधल्या जुन्या नेटमध्ये ‘दुसऱ्यांदा तपासणी’ असं लेबल होतं. हा अर्धा र तीन प्रकारे लिहिलेला सापडतो: ‘ऱ’ हा एक कोडपॉइंट आणि हलन्त, साधा ‘र’, नुक्ता आणि हलन्त, किंवा साधा ‘र’, हलन्त आणि झेडडब्ल्यूजे हा न दिसणारा जोडणारा संकेत, यू+२००डी. पहिले दोन एनएफसीने एक होतात. तिसरा होत नाही. आम्ही बदलाची छोटी सारणी केली: ‘र-हलन्त-झेडडब्ल्यूजे’ असेल तर ‘ऱ-हलन्त’, ‘अ-चंद्र’ असेल तर ‘ॲ’, त्यानंतर एनएफसी, त्यानंतर उरलेले झेडडब्ल्यूजे आणि झेडडब्ल्यूएनजे (न दिसणारा तोडणारा संकेत) काढून टाकायचे. क्रम महत्त्वाचा आहे. झेडडब्ल्यूजे आधी काढला तर ‘ऱ्य’चा ‘र्य’ होतो आणि मूळ काय होतं ते परत कळत नाही. ही सारणी लॉग आणि नेट दोन्हींवर चालवायची, एकावर नाही.

बाकी लेबलदोष लवकर सापडतात. एक्सएमएल सुबक दिसावं म्हणून एखादं टूल टॅगच्या आत नवी ओळ आणि मोकळ्या जागा घालतं, त्या लेबलाचा भाग बनतात. दोन्ही टोकं छाटायची. ‘शॉट ब्लास्टिंग’ आणि ‘शॉटब्लास्टिंग’, ‘फेटलिंग’ आणि ‘फेटलींग’ असे पाळीगणिक बदलणारे उच्चार आणि लेखन मात्र फायलीचा दोष नाही. ते लॉग बनवतानाच एका यादीने सारखे करावेत.

देवनागरीच्या जागी डोक्यावर चिन्हं असलेली रोमन अक्षरं दिसली तर एन्कोडिंग चुकलं. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक अक्षर आणि प्रत्येक मात्रा तीन बाइटची असते, म्हणून एका अक्षराच्या जागी तीन भलती चिन्हं उमटतात. विंडोजवर पायथनमध्ये फाइल उघडताना एन्कोडिंग स्पष्ट सांगितलं नाही की हे होऊ शकतं. नुकसान तिथल्या तिथे ओळखलं तर भरून येतं. लॉगची सीएसव्ही एक्सेलमधून साध्या सीएसव्ही प्रकाराने सेव्ह केली तर मात्र अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हं बसतात, ती परत फिरत नाहीत. ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ हाच प्रकार निवडावा. आमच्या पाइपच्या फायलीच्या पहिल्या ओळीत आयएसओ-८८५९-१ असं एन्कोडिंग होतं. त्या संचात देवनागरी नाही. अक्षरं अंकी संकेतांत लिहिलेली असतील तर वाचन बरोबर होतं, पण नोटपॅडमध्ये उघडून मध्येच खरी देवनागरी टाइप केली आणि पहिली ओळ तशीच ठेवली तर तेवढा मजकूर बिघडतो. ‘प्रोलॉगमध्ये मजकूर चालत नाही’ अशा अर्थाचा एरर जावाच्या टूलमध्ये आला तर पहिल्या ओळीच्या आधी काहीतरी आहे, बहुतेक बीओएम (फायलीच्या सुरुवातीचा न दिसणारा एन्कोडिंगचा संकेत) किंवा एखादं भटकं अक्षर.

पाइपची फाइल पीएनएमएलच्या जुन्या बोलीत आहे. एक्सटेन्शन एक्सएमएल, त्यामुळे दुसऱ्या टूलच्या फाइल निवडण्याच्या खिडकीत ती दिसतच नाही. एक्सटेन्शन बदलून भागत नाही. नाव, मार्किंग आणि आर्कचा आकडा ‘टेक्स्ट’ टॅगऐवजी ‘व्हॅल्यू’ टॅगमध्ये असतात. टोकनांना रंगाचं नाव असतं, म्हणून १ ऐवजी ‘डीफॉल्ट,१’ लिहिलेलं असतं. पूर्णांक वाचणारी स्क्रिप्ट तिथे अडखळते. ‘पेज’ टॅग नसतो, तर मानकाच्या व्याकरणात प्लेस आणि ट्रान्झिशन पेजच्या आतच हवेत. नेटचा प्रकारही पत्त्याच्या रूपात न लिहिता साध्या शब्दांत लिहिलेला असतो. रूपांतराची स्क्रिप्ट या क्रमाने काम करते: व्हॅल्यूचा टेक्स्ट करायचा, स्वल्पविरामापर्यंतचा भाग कापायचा, सगळं एका पेजमध्ये गुंडाळायचं, प्रकाराच्या जागी मानकातला ‘पीटी-नेट’चा पत्ता लिहायचा, मुळाशी नेमस्पेस द्यायची आणि यूटीएफ-८ मध्ये सेव्ह करायचं. एकापेक्षा जास्त रंगांची टोकनं असतील तर स्क्रिप्टने थांबावं. रंग पुसून बेरीज केली तर भलतंच नेट तयार होतं.

नेमस्पेसबद्दल एक इशारा स्वतः स्क्रिप्ट लिहिणाऱ्यांसाठी. फायलीच्या मुळाशी नेमस्पेस असेल तर पायथनच्या एक्सएमएल लायब्ररीला प्रत्येक टॅगचं नाव महिरपी कंसातल्या पत्त्यासकट दिसतं. नुसतं ‘प्लेस’ शोधलं तर शून्य सापडतात, एररही येत नाही. मोजदादीची स्क्रिप्ट शून्य दाखवत असेल तर नेट रिकामं आहे असं मानू नये. कंस संपल्यानंतरचा शब्द तेवढा तुलनेला घ्यावा. उलट काही टूलांच्या फायलींत नेमस्पेस नसतेच, म्हणून दोन्ही स्थितींत चालेल असंच लिहावं.

वोपेडमध्ये चौकोनाला अँड-स्प्लिट (सगळ्या वाटा एकदम), एक्सऑर-स्प्लिट (त्यातली एकच वाट) अशी चिन्हं देता येतात. तपासणी हे एक्सऑर-स्प्लिट काढलं: पास झालं तर डिस्पॅच, नापास झालं तर रिवर्क. पडद्यावर एक चौकोन, पण पीएनएमएलमध्ये साध्या पेट्री नेटला एक्सऑर ठाऊक नाही. एक ट्रान्झिशन आपल्या सगळ्या बाहेरच्या प्लेसमध्ये एकदमच टोकन टाकतं. म्हणून वोपेड त्या चौकोनाची फायलीत दोन ट्रान्झिशनं करतं, आयडीच्या शेवटी ‘ओपी-१’, ‘ओपी-२’ अशी जोड देऊन, आणि मूळ चौकोन एकच होता ही आठवण स्वतःच्या टूलस्पेसिफिक कप्प्यात ठेवतं. दुसऱ्या टूलमध्ये ‘तपासणी’ दोनदा दिसते. हा दोष नाही, अर्थ बरोबरच आहे, आणि अलाइनमेंटलाही एकाच लेबलाची दोन ट्रान्झिशनं चालतात. पण मोजदाद चुकते आणि घोटाळा पुढे होतो: एखादी स्क्रिप्ट लेबलालाच ओळख मानून डिक्शनरीत घालत असेल तर दुसरी तपासणी पहिलीवर लिहिली जाते आणि रिवर्कची वाट गायब होते. स्क्रिप्टमध्ये ओळख नेहमी आयडीवरून धरावी. आणि प्रोममध्ये जायचं नेट वोपेडमध्ये काढायचंच असेल तर एक्सऑरचं चिन्ह न वापरता तपासणीनंतर एक साधी प्लेस ठेवून तिथून दोन वाटा काढाव्यात. चित्र किंचित लांबतं, पण चारही टूलमध्ये आकडे तेच राहतात.

चित्रावरच्या जागांचा फार विचार करू नये. पोझिशन नसेल तर सगळे घटक वरच्या डाव्या कोपऱ्यात एकावर एक पडतात, स्वयंचलित मांडणीचं बटण दाबलं की पसरतात. आयडीबद्दल एवढंच की तो अंकाने सुरू होऊ नये, त्यात मोकळी जागा नको, आणि संपूर्ण फायलीत प्लेस, ट्रान्झिशन, आर्क सगळ्यांत मिळून तो एकमेव हवा. एका फायलीत दोन नेट ठेवायला मानकाची परवानगी आहे, पण अनेक टूल पहिलंच वाचतात; एक फाइल, एक नेट हे बरं. सीपीएन टूल्सची फाइल एक्सएमएल असली तरी पीएनएमएल नाही, रंगीत नेटचं ते वेगळंच घर आहे. नुसतं नाव बदलून ती इकडे आणता येत नाही.

सगळ्यात धोकादायक चूक पाइपच्या नेटमधल्या एका इन्हिबिटर आर्कमध्ये होती. सँड प्लांट बंद असताना मोल्डिंग करू नये, हे सांगायला ‘सँड प्लांट बंद’ या प्लेसपासून मोल्डिंगकडे असा आर्क काढला होता. इन्हिबिटर आर्क म्हणजे त्या प्लेसमध्ये टोकन असेल तर ट्रान्झिशन अडवणारा. पाइप आर्कच्या आत ‘टाइप’ टॅगमध्ये हा प्रकार लिहितं, प्रोमच्या फायलीत त्यासाठी ‘आर्कटाइप’ असा वेगळा टॅग असतो. एकाची खूण दुसऱ्याने वाचली नाही की तो साधा आर्क होतो, आणि साध्या आर्कचा अर्थ नेमका उलटा: सँड प्लांट बंद असेल तरच मोल्डिंग. प्लेस तेवढ्याच, आर्क तेवढेच, मोजदाद जुळते, चित्रात फक्त टोकावरचं गोल बाणात बदलतं. म्हणून मोजदादीत आता ‘विशेष आर्क’ हा एक वेगळा रकाना आहे.

खूण भाषांतरित करण्यापेक्षा आम्ही इन्हिबिटरच काढला. ‘सँड प्लांट चालू’ अशी पूरक प्लेस घातली. बंद होण्याचं ट्रान्झिशन ‘चालू’मधलं टोकन घेऊन ‘बंद’मध्ये ठेवतं, सुरू होण्याचं ट्रान्झिशन उलट करतं, आणि मोल्डिंग ‘चालू’मधलं टोकन घेऊन लगेच तिथेच परत ठेवतं. दोन्ही प्लेसमध्ये मिळून कायम एकच टोकन असतं, आणि ‘बंद’मध्ये कधी एकापेक्षा जास्त टोकन येत नसल्यामुळेच हा बदल बिनधोक आहे. पहिलं टोकन ‘चालू’मध्ये यावं म्हणून नेटच्या सुरुवातीच्या ट्रान्झिशनपासून तिकडे एक आर्क दिला, म्हणजे सुरुवातीचं मार्किंग एका प्लेसपुरतंच राहिलं. बंद-चालूच्या नोंदी ईआरपीत त्या हीटच्या (भट्टीतल्या एका वितळणीच्या) केसमध्येच येतात, म्हणून ती दोन्ही ट्रान्झिशनं दिसणारी ठेवली.

यामुळे शेवटी एक टोकन जास्त उरलं. डिस्पॅच झाल्यावर शेवटच्या प्लेसमध्ये १ आणि ‘चालू’ किंवा ‘बंद’ यांपैकी एकात १, म्हणजे शेवटची मार्किंगं दोन झाली. फायलीच्या टॅगमध्ये दोन लिहिता येतात, पण पीएमफोरपाय एकच शेवटचं मार्किंग घेऊन चालतं. म्हणून एक नवी शेवटची प्लेस आणि दोन अदृश्य ट्रान्झिशनं घातली: एक जुन्या शेवटातलं आणि ‘चालू’मधलं टोकन घेतं, दुसरं जुन्या शेवटातलं आणि ‘बंद’मधलं, आणि दोन्ही नव्या शेवटात एकच टोकन ठेवतात. त्यांना टाऊ-५ आणि टाऊ-६ अशी नावं दिली, खुणेचा कप्पा बसवला, आणि दोन्ही ओळखीचे ट्रेस चारपैकी जिथे रिप्ले होतो त्या दोन्ही टूलमध्ये पुन्हा खेळवले. दोन्हीकडे १.००० आलं.